नीलांबरीचं सुतक

मिशी काढायच्या आधी माणसानं घरातल्या बाईला एका शब्दानं विचारावं, एवढी साधी रीत आमच्या मालकांना कधी उमगली नाही. दहा दिवस गावाला जाऊन येतो म्हणून गेलेला माणूस अकराव्या दिवशी सकाळी सातला बेल वाजवतो, मी दुधाखालचा गॅस बारीक करून दार उघडते, तर समोर बोडक्या ओठाचा एक म्हातारा उभा. खांद्याला पिशवी, काखेत चादरीत गुंडाळून सुतळीनं बांधलेली भलीमोठी फळी. माझा हात आपोआप पदराकडं गेला, परका पुरुष दारात आला की जातो तसा. मग तो म्हातारा "सरक जरा" म्हणाला आणि आवाज ह्यांचा निघाला. नाव नाथाजी, पण मी ते उखाण्याशिवाय कधी घेतलेलं नाही. मी सरकले. "कोण गेलं?" मी विचारलं. आमच्यात मिशी दिलेला माणूस दारात आला की दुसरं काही विचारत नाहीत. "कोण न्हाई," म्हणाले, फळी दाराआड भिंतीला टेकवली आणि थेट न्हाणीत शिरले. मातीहून आलेला माणूस कशाला हात न लावता आधी न्हाणीत जातो, तसे. दूध उतू गेलं. चाळीस-पन्नास वर्षांत माझ्या हातून दूध उतू गेलेलं कुणी पाहिलं नाही, आज माझं मीच पाहिलं.

न्हाऊन बाहेर आले तेव्हा चहा दिला आणि समोर बसून नीट बघितलं. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली आणि ह्यांचा वरचा ओठ मी आज पहिल्यांदा बघत होते. लग्नात कोवळी मिसरूड होती, पण तेव्हा मान वर करून नवऱ्याचा ओठ बघायची सोय नव्हती. पुढं हे बोटीवर लागले आणि अकरा महिन्यांनी पहिल्या फेरीहून आले ते ही भरदार मिशी घेऊनच. मी म्हटलं, शोभते. ती पिकली तरी शोभत होती. आता ती नव्हती आणि तिच्या जागी करंगळीएवढा एक वण होता, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, निबर, चकाकणारा. चुलीपुढं जन्म गेलेल्या बाईला भाजल्याचा वण सांगावा लागत नाही. हा जाळाचा नव्हता, वाफेचा होता. कधी भाजला, कुणी फुंकर घातली, कुणी तूप लावलं, किती दिवस घास घेताना हुळहुळला, ह्यातलं मला काही ठाऊक नाही. तो वण झाकायला मिशी वाढवली आणि मी आपली शोभते म्हणत बसले. चहाचा घोट घेताना तो वण हलत होता. मी ह्या माणसाच्या पाठीवरचे तीळ मोजून सांगीन, आणि हा वण मला ठाऊक नव्हता. पण तिला ठाऊक होता, त्या बोटीला. तिच्याच पोटात झालेला.

चहा झाल्यावर हे पलंगावर जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपले. एवढा ऐसपैस पलंग जयराजनं, आमच्या मुलानं, करवून घेतला, पण हे भिंतीला चिकटून दोन वीत जागेत झोपतात. बोटीवरच्या बाकड्याची सवय. निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली, सवय गेली नाही. पहाटे चारला उठून बसतात, कारण त्या वेळी इंजिनावरची पाळी लागायची. घर शांत असलं की ह्यांना झोप येत नाही, थंडीतसुद्धा पंखा लागतो, काहीतरी घरघरत राहिलं पाहिजे. आणि तो हात. फ्रीज असो, मिक्सर असो, गिरणीची मोटर असो, हे जाता जाता तळवा टेकवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "बेरिंग जायला आलंय हिचं." आणि खरंच महिन्याभरात ते जातं. अंकिता, आमची सून, बँकेत कामाला आहे, शिकलेली आहे, तिला त्याचं फार कौतुक. "आण्णांना हात लावून कळतं हो," म्हणते. मला दोन वर्षांमागं टायफॉईड झाला, अंग भट्टीसारखं तापलं होतं, तेव्हा ह्या माणसानं दारात उभं राहून विचारलं, "गोळी घेतलीस का?" तळवा टेकवायला मी काही मोटर नव्हते.

आमचं गाव वडूजच्या पलीकडं, माणदेशाच्या कडेला. तिथं माणसं मेंढरं राखायची, पाण्यासाठी कोसभर चालायची. अशा गावातला पोरगा बोटीच्या इंजिनाला तेल घालणारा तेलवाला म्हणून समुद्रावर लागला, तर लोक म्हणायचे, नाथाजीनं घागर फोडली आणि सगळं पाणी एकदाच बघून घेतलं. कंपनीच्या चार बोटी झाल्या, पण फिरून फिरून हे त्या एकीवर. नीलांबरी. कुणी ठेवलं असेल ते असो, पण लोखंडाच्या खोक्याला असलं नाव ठेवायला लाज वाटायला पाहिजे होती. हे तिला 'ती' म्हणायचे. "ती यंदा लय दमलीया." "तिला जोराचा वारा मानवत न्हाई." "तिचा आवाज बदलला की माझी झोप मोडती." वर्षातले दहा महिने तिचे, दोन माझे. त्या दोन महिन्यांत मी ह्यांचे कपडे भिजवायची तर पाणी काळं व्हायचं आणि त्या वासानं माझ्या हातची भाकरी वास मारायची. लांबून, टँकरमागं धावून आणलेलं पाणी मी तिच्या अंगाची ओशट घाण काढायला घालवलेलं आहे. हे मी कधी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर हसले असते सगळे. बोटीचा कुणी हेवा करतं का?

हे निवृत्त झाले आणि कंपनीनं ती दुसऱ्या कुणाला विकली, त्यानं तिसऱ्याला. तिचं नाव बदललं, रंग बदलला. मी म्हटलं, सुटले. पण अंकितानं ह्यांच्या फोनवर एक नकाशा घालून दिला. त्यावर जगातल्या सगळ्या बोटी मुंग्यांसारख्या हलताना दिसतात. नाव बदललं तरी बोटीचा नंबर जन्मभर एकच असतो म्हणे. झालं. सकाळचा चहा आणि तो नकाशा. "आज आफ्रिकेच्या खाली हाय." "आज सिंगापूरला उभी हाय, काय की." एकोणीस साली इथं कृष्णेचा महापूर आला, सगळी सांगली घाबरून माळ्यावर बसली, रस्त्यातनं होड्या फिरत होत्या, आणि आमचे हे गॅलरीत कठड्याला धरून, पाय फाकवून, वारा तोंडावर घेत उभे. इतका सुखी चेहरा मी माझ्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. त्या पाण्यातसुद्धा हे फोन काढून ती कुठं आहे ते बघत होते.

मग दिवाळीनंतर एका सकाळी चहा तसाच राहिला. ती मुंगी गुजरातेत, भावनगरच्या पुढं, किनाऱ्याजवळ येऊन थांबली होती. "अलंगला लावली," हे म्हणाले. जुनी बोट नकोशी झाली की अशीच कुठंतरी नेऊन मोडतात, बांगलादेशात, पाकिस्तानात, तुर्कस्थानात, आणि आपल्याकडं अलंगला. अमावास्येची नाही तर पुनवेची भरती बघतात, पाणी पार वर आलेलं असतं, तेव्हा इंजिन पुऱ्या जोरात सोडून बोट सरळ चिखलात चढवतात. ओहोटी लागली की ती तिथंच बसते, परत पाण्यात जात नाही. मग गॅसनं कापतात, आधी तोंड, मग पोट, इंजिन शेवटाला. हे सगळं ह्यांनी मला नाही, अंकिताला सांगितलं. मी भाजी निवडत होते. "दुसरं कोण न्हेत न्हाई तिला," हे म्हणाले, "तिचं तीच जातीया, आपल्या जोरावर. शेवटच्या मिनिटापतोर इंजिन चालू." तेव्हा मला कळलं, की गेले दोन महिने हे पंचांगात अमावास्या का शोधत होते. मला वाटलं होतं, म्हातारपणी देवाधर्माला लागले. मी पालकाची जुडी सोडली आणि म्हटलं, "गेली एकदाची." हे उठून आत गेले. त्यानंतर घरात त्या नावाचा कुणी उच्चार केला नाही. दहा-अकरा दिवसांमागं म्हणाले, गावाकडं आप्पासोनं बांध कोरलाय, जाऊन बघून येतो. धाकट्या भावाचं काम. मी शिदोरी बांधून दिली, तिळाची चटणी दिली. ती चटणी कुठं बसून खाल्ली असेल, हे आज सकाळी माझ्या ध्यानात यायला लागलं.

तरी खात्री करावी म्हणून आप्पासोंना फोन लावला. "वैनी, दादा? दादा हिकडं शिमग्यालाच आल्ते की. का वं, काय झालं?" मी म्हटलं, "काय न्हाई. बांध कसा हाय?" "कसला बांध?" "काय न्हाई," म्हटलं आणि ठेवला. मग मी हॉलमध्ये येऊन बसले आणि दाराआडच्या त्या फळीकडं बघत राहिले. बाई असती तर बरं झालं असतं. खरंच सांगते. बाई असती तर झिंज्या धरल्या असत्या, चार लोक बोलावले असते, माहेरी निघून गेले असते आणि हे आष्ट्यापर्यंत मागं आले असते. लोखंडाच्या कशाला झिंज्या असतात?

साडेदहाला बेल वाजली. समोरच्या ब्लॉकमधल्या राहीबाई. आष्ट्याच्या, माझ्या माहेरच्याच, म्हणून मला आक्का म्हणतात. हातात फडक्यानं झाकलेलं ताट, डोक्यावरनं पदर घट्ट घेतलेला. ताट बघताच मी ओळखलं. ज्या घरात मयत झालेलं असतं त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही, शेजारीपाजारी पिठलं-भाकरी करून आणतात. कडू घास म्हणतात त्याला. सकाळी जिन्यात ह्यांचा ओठ बघितला असणार आणि बाईनं काही न विचारता चूल पेटवली. शहाण्या बाया असंच करतात. मीही केलं असतं.

"आक्का, कळीवलं बी न्हाईस गं," राहीबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या. "दादास्नी बगितलं आन माज्या काळजात चर्र झालं. कुणाकडची माती?"

आता काय सांगायचं? बोट मेली म्हणून सांगायचं? संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगीत झालं असतं, अंबूबाईचा नवरा लोखंडासाठी मिशी देऊन आला. पंचवीस बायकांच्या भिशीत माझा शब्द खाली पडत नाही. मी ताट हातात घेतलं.

"ह्यांच्याकडची," मी म्हटलं. "लांबची हाय."

"बाईमाणूस का?"

"व्हय."

"वय?"

"सत्तेचाळीस."

"आगं बया. ह्ये काय जायाचं वय हाय? नाव काय म्हणायचं?"

"नीलांबरी."

"नावबी किती चांगलं," राहीबाई हळहळल्या. "आजारी हुती?"

"दमली हुती."

"मागं कोण हाय तिच्या?"

"ह्येच," मी म्हटलं. "दुसरं कोण न्हाई."

"तरीच," राहीबाई म्हणाल्या. "तरीच त्येंनी मिशी दिली. कोण न्हाई म्हटल्यावर कुणीतरी द्यायाच पायजे. देवमाणूस हायीत दादा. तू बी दोन घास खा, आक्का. तुजीबी लागायचीच की ती कोणतरी."

दार लावलं आणि ताट हातात धरून मी तशीच उभी राहिले. माझी लागायची कोणतरी. माझ्याच तोंडानं मी तिला नात्यात घेतलं, वय लावलं, नाव सांगितलं, मागं कोण ते सांगितलं, आणि माझ्या दारात तिच्या नावानं घास आला. जे तिला अख्ख्या समुद्रानं दिलं नसतं ते मी उभ्या उभ्या देऊन बसले. अब्रू राखायला गेले आणि सवत उंबऱ्याच्या आत घेतली.

फडकं काढलं. गरम भाकऱ्या, पिठलं, कांदा. ताटाची वाफ तोंडावर आली आणि ती वाफ मला ओळखीची होती. चौतीस वर्षांमागं एकदाच माझ्या पुढ्यात असं ताट आलं होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीला तळाचं पाणी राहिलं होतं, हिरवं, किड्यांचं. मी गाळून द्यायची. शालननं कधी गाळायच्या आधी पिऊन घेतलं मला कळलं नाही. सात वर्षांची माझी पोर. दोन दिवस उलट्या-जुलाब, तिसऱ्या दिवशी वडूजच्या दवाखान्यात नेताना बैलगाडीतच मान टाकली. मुंबईला कंपनीत तार केली. तार कुठं गेली, बोट कुठं होती, कुणाला ठाऊक. लहान जीव म्हणून ओढ्याच्या कडेला माती दिली, लहान जीव म्हणूनच तीन दिवसांत सुतक संपवलं. सासूनं तिसऱ्याच दिवशी घर सारवून घेतलं. मातीच्या दिवशी तर त्या ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडून माझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाली, गीळ, दुसरं लेकरू हाय तुला. जयराज तेव्हा दहा वर्षांचा होता. मी गिळला. चार महिन्यांनी हे आले. हातात पोरीसाठी बाहुली. म्हणजे तार पोचली नाही, असं मी समजले. अंगणातच सासूनं सांगितलं. ह्यांनी दगडावर बसून चार तांबे डोक्यावर ओतून घेतले, कारण इतक्या उशिरा कळलं तर नुसती आंघोळ पुरते. मग जेवायला बसले. वांग्याची भाजी होती. दुसऱ्यांदा मागून घेतली. "अजून वाढ," म्हणाले. डोळ्यांत टिपूस नाही. मिशीला भाजीचं तेल लागलं होतं, ते मनगटानं पुसलं. त्या दिवसापासून आजपर्यंत ह्या घरात वांगं शिजतं, पण ते मी शिजवते आणि मी खात नाही. ह्यांच्या ध्यानात आलं असेल असं मला वाटत नाही.

ताट ओट्यावर ठेवलं, विळी घेतली आणि सुतळी कापली. ह्यांना विचारायची गरज वाटली नाही. मिशी काढताना मला कुणी विचारलं होतं? चादर बाजूला केली. पत्र्याचं दार होतं. कपाटाचं, अरुंद, माझ्या खांद्याइतकं उंच, एका बिजागरीचा तुकडा अजून लटकलेला. रंगावर रंग चढलेले, हिरवा, राखाडी, त्यावर पुन्हा पिवळट, आणि त्या रंगाच्या मधोमध चार कोपऱ्यांना डिंकाचे चार काळे ठिपके. मी ओळखलं. शिखर शिंगणापूरच्या महादेवाचा फोटो. मीच दिलेला, पहिल्या फेरीला, पिशवीत कपड्यांच्या घडीत घालून. आणि दारही मी ओळखलं. शालन गेल्यावर दोन वर्षांनी ती मुंबईच्या गोदीत उभी होती, घरच्यांना बघायची परवानगी मिळाली, तेव्हा हे मला घेऊन गेले होते. नवी नऊवारी नेसून मी त्या हलत्या शिडीवरनं चढले. खाली काळं पाणी, समोर लोखंडाची भिंत, वर बघावं तर मान मोडेल. आत सगळं थरथरत होतं. पायातनं ते थरथरणं गुडघ्यापर्यंत चढलं, आणि मला वाटलं, हिला मी आलेली आवडलेली नाही. हे पुढं पुढं चालले होते, ओळखीच्यांशी हसत होते, पायऱ्या न बघता उतरत होते. इतका हसणारा माणूस माझ्या घरात कधी आला नव्हता. कठड्याचं काळं तेल माझ्या पदराला लागलं, ते पुढं कधी निघालं नाही. मग ह्यांनी मला आपल्या खोलीत नेलं, त्या दोन वितीच्या बाकड्यावर बसवलं आणि स्टीलच्या ग्लासात चहा आणून दिला. माझ्या गुडघ्याला लागेल इतक्या जवळ हे दार होतं, बंद. त्यावर महादेव. मी हात जोडले. मी विचारलंसुद्धा, "ह्यात काय ठेवता?" हे म्हणाले, "कापडं."

दार जड होतं. मी ते उलटं केलं.

आतल्या बाजूला एकच रंग होता, जुना हिरवा. तिथं वरनं कुणी रंग लावला नव्हता. त्यावर काहीतरी टोकदार घेऊन रेघा ओढल्या होत्या, उभ्या, एकाशेजारी एक, पत्र्यापर्यंत खोल. मी बोट ठेवून मोजल्या. दहा. पहिल्या सरळ होत्या, शेवटच्या तीन वाकड्या. आणि खाली अक्षरं. मी चौथी शिकलेली, माझं वाचन बोटानं चालतं. श ला काना. ल. न.

मी जमिनीवर बसले. फरशी गार होती. घरात फ्रीज घरघरत होता, पलंगावर हे श्वास सोडत होते, खाली भंगारवाला ओरडत गेला. तार पोचली होती. कुठल्या तरी बंदरात पोचली होती, आणि ह्या माणसानं त्या खोलीत दार लावून दहा दिवसांचं सुतक धरलं होतं. घरानं पोरीला तीन दिवस दिले, ह्यांनी दहा दिले, एक रेघ रोज. आणि मग बाहुली घेऊन अंगणात आले, काही ठाऊक नसल्यासारखे, आणि वांग्याची भाजी मागून घेतली. एखाद्या बाईचं ह्यानं मन भरून आलं असतं. माझं आलं नाही. माझ्या अंगाचा जाळ झाला. म्हणजे रडणं होतं तर. ह्या माणसात रडणं होतं, आणि ते सगळं तिच्या पत्र्यात कोरून, तिच्याजवळ ठेवून, रिकामा माणूस माझ्या अंगणात आणून उभा केला होता. माझी पोर. मी नऊ महिने वाढवलेली, मी मातीत ठेवलेली. तिचं दुःख नवऱ्याबरोबर वाटून घ्यायचं ते माझं होतं. तेही तिनं घेतलं. चौतीस वर्षं मी ह्या माणसाला दगड म्हणत आले, आणि ती आपली पोटात माझ्या लेकीचं नाव घेऊन आफ्रिकेच्या खालनं फिरत होती. मी त्या बाकड्यावर बसले होते, गुडघ्याला दार लागत होतं. एकदा उघडलं असतं, तर.

"सोडलंस व्हय ते," मागनं आवाज आला. हे पलंगावर उठून बसले होते. पंख्याच्या वाऱ्यात बोडका ओठ कसातरीच दिसत होता, नुकत्याच जन्मलेल्या मेंढराच्या तोंडासारखा.

"कुटं घावलं?" मी विचारलं.

"रस्त्याला दुकानं हायती लांबलांब. बोटीतनं निघालेलं समदं तिथं इकाय ठेवत्यात. खुर्च्या, गाद्या, ताटं. सात दिवस हिंडलो. कपाटांचा ढीग हुता एकाकडं. म्या समदी दारं उलटी करून बगितली." मग म्हणाले, "आत सोडत न्हाईत आपल्याला. लांबनं दिसली. तोंड कापलंय. इंजिन अजून हाय."

"ह्ये न्हाई इचारलं मी."

ह्यांनी पाय खाली सोडले.

"तार गावली हुती?"

"व्हय."

"कुटं?"

"लांब हुतो. उतराय येत नव्हतं." हाताचा तळवा गादीवर टेकवून बसले होते, जणू खाली काही चालू आहे का बघत होते. "तुज्याम्होरं उभा ऱ्हायची ताकद नव्हती, अंबू. म्हणून कळलंच न्हाई आसं केलं. बाहुली आदीच घेटल्याली. टाकवंना."

"आन वांगी?"

"कसली वांगी?"

त्यांना आठवत नव्हतं. मी चौतीस वर्षं एका भाजीचा उपास धरला आणि त्यांना ती आठवतसुद्धा नव्हती. मी उठले, ओट्यावरचं ताट आणलं आणि पलंगाजवळ स्टुलावर ठेवलं.

"ह्ये काय?"

"कडू घास. राहीबाईनं आणलाय. तुमचा ओट बगून. नीलांबरीचा म्हणून मी घेटलाय. आता मला येक सांगा. मिशी कुणाची काढली?"

हे ताटाकडं बघत राहिले. खालच्या ओठानं वरचा वण चाचपला. हा माणूस खोटं बोलायचा तर आत्ता बोलला असता, 'शालनची' म्हणाला असता, आणि मी, काय सांगावं, विरघळलेही असते. पण जन्मात एवढी एकच गोष्ट त्यांनी मला खरी द्यायची ठरवली असावी.

"दोगींची," म्हणाले. "दार घावलं तवाच काढली. लहान लेकराची देत न्हाईत, म्हाईत हाय मला. पर..."

"लहान लेकराची देत न्हाईत," मी म्हटलं. "आन बोटीची देत्यात व्हय?"

बाहेर ऊन चढलं होतं, गॅलरीत टाकलेल्या हळदीचा वास आत येत होता. मी भाकरी मोडली. अर्धी त्यांच्यापुढं ठेवली, अर्धी हातात घेतली. दार जमिनीवर तसंच उताणं पडलं होतं, रेघा वर करून. ते मी भिंतीला टेकवलं, देव्हाऱ्याशेजारी, महादेवाची बाजू भिंतीकडं आणि शालनची बाजू घराकडं. मग पहिला घास पिठल्यात बुडवला आणि तोंडात घालायच्या आधी ह्यांच्या त्या वणाकडं सरळ बघून म्हणाले:

"येका मिशीत दोगी बसवायच्या न्हाईत. ही नीलांबरीची झाली, ही मी तिला सोडली, घ्या, जेवा तिच्या नावानं. आता परत वाढवा. भरली म्हंजे गावाकडं जायाचं, वड्याच्या कडंला न्हावी बोलवायचा, आन माज्या पोरीची येगळी द्यायची, माज्याम्होरं. आन रडायचं आसंल तर तवा रडायचं, माज्याजवळ. तवर टिपूस गाळायचं न्हाई."